सेवेचे फळ कोणाच्या खाती?

आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. या मंगल प्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेत 'समाजसेवा आणि तिचे फळ' या विषयावर चार शब्द लिहावेत, अशी सूचना संपादक मंडळाने केली. मी पेशाने कापड व्यापारी. वाणिज्य शाखेची पदवी घेतली ती जमाखर्च नीट कळावा म्हणून. लेखणीचा सराव म्हणाल तर रोजमेळ आणि खतावणीपुरताच. तथापि इतिहासाची आणि चरित्रांची पुस्तके वाचण्याचा नाद जुना आहे. त्या बळावर ही जबाबदारी स्वीकारली.

विषय हाती घेतला आणि पहिल्याच पावलाला अडखळलो. आपल्या धर्मात माया, मिथ्यात्व आणि निदान अशी तीन शल्ये सांगितली आहेत. निदान म्हणजे केलेल्या धर्मकार्याच्या मोबदल्यात आपणास अमुक सुख, अमुक वैभव मिळो, अशी मनात धरलेली इच्छा. पायात मोडलेल्या काट्याप्रमाणे ती सलत राहते, आणि ती असेपर्यंत व्रताला व्रतपण येत नाही. फळाची इच्छा हाच जर दोष, तर सेवेच्या फळावर लेख लिहावा कसा? इकडे व्यापाऱ्याचे मन असे की, जेथे खर्च पडला तेथे जमेच्या बाजूला काय आले हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. या दोहोंचा शास्त्रीय मेळ घालणे हे साधू-साध्वींचे आणि पंडितांचे काम आहे. मी आपल्या समाजातील काही थोर व्यक्तींची चरित्रे समोर ठेवून, त्यांच्या वहीत शेवटी काय शिल्लक राहिले, एवढेच पाहण्याचा प्रयत्न करणार आहे.

आरंभ जुन्या काळापासून करू. तेराव्या शतकात कच्छमधील भद्रेश्वर येथे जगडू शाह नावाचे श्रावक होऊन गेले. समुद्रमार्गे चालणारा त्यांचा व्यापार मोठा होता. इसवी सन १२५६ ते १२५८ या काळात गुजरात आणि आसपासच्या प्रदेशात भयंकर दुष्काळ पडला. जगडूंनी आधीच धान्याची कोठारे भरून ठेवली होती. 'जगडूचरित' या संस्कृत काव्यात अशी कथा आहे की, राजा वीसलदेवाने त्यांच्याकडे धान्याची मागणी केली तेव्हा, आपल्याजवळ स्वतःचे म्हणून धान्य नाही, असे उत्तर त्यांनी दिले. कोठारे उघडून पाहिली तेव्हा आत ताम्रपट निघाले. हे धान्य गोरगरिबांसाठी आहे, असे त्यांवर कोरलेले होते. कथेत काव्याचा अंश असेल, तो सोडून देऊ. मला त्यातील हिशेबाची पद्धत मोलाची वाटते. धान्य भरतानाच ते दुसऱ्याच्या नावे जमा करून टाकलेले होते. त्यामुळे दुष्काळात ते वाटताना आपण काही देत आहोत, असे जगडूंना वाटण्याचे कारणच उरले नाही. आज आपण 'विश्वस्त' हा शब्द सहज वापरतो. त्याचा अर्थ सातशे वर्षांपूर्वीच्या त्या ताम्रपटाइतका स्वच्छ मला दुसरीकडे कोठे आढळला नाही.

दुसरे नाव आमच्या व्यवसायाच्या जवळचे आहे. मूळचे सुरतचे प्रेमचंद रायचंद हे मुंबईच्या कापूस बाजाराचे आणि शेअर बाजाराचे आपल्या काळातील अनभिषिक्त राजे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैशाचा नुसता पूर लोटला. नव्या बँका निघाल्या, समुद्र भरून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि त्यांचे शेअर भलत्याच भावाने विकले जाऊ लागले. याच भरभराटीत १८६४ साली प्रेमचंदांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले, आणि लगेच मातोश्री राजाबाईंच्या स्मरणार्थ घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख दिले. पुढच्याच वर्षी युद्ध थांबले, कापसाचे भाव कोसळले आणि सारा डोलारा जमीनदोस्त झाला. प्रेमचंदांची प्रचंड संपत्ती गेली. मनोऱ्याचे बांधकाम मात्र चालू राहिले आणि १८७८ साली २८० फूट उंचीचा राजाबाई टॉवर पूर्ण झाला.

पैसा आला आणि गेला, यात नवल नाही. आमच्या धंद्यात तेजी-मंदी पाहिली नाही असा माणूस विरळा. १८६५ च्या मंदीनंतर प्रेमचंदांचा ताळेबंद कोणी मांडला असता, तर देऊन टाकलेली ती रक्कमच तेवढी सुरक्षित राहिली होती, असे दिसले असते. जे जवळ ठेवले ते गेले, जे दिले ते शिल्लक राहिले. कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी दोन लाखांची देणगी दिली. तिच्यातून सुरू झालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती पुढे आशुतोष मुखर्जी आणि इतिहासकार जदुनाथ सरकार यांच्यासारख्या विद्वानांना मिळाली. सुरतच्या एका जैन व्यापाऱ्याच्या पैशावर बंगालमधील तरुण शिकले. त्यांची भाषा निराळी, प्रांत निराळा, धर्म निराळा.

मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी (१८५१-१९१४) यांच्याविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यांचे कार्य आपल्यापैकी बहुतेकांस परिचित आहे. मोत्यांच्या व्यापारात त्यांनी संपत्ती मिळविली आणि ती मुख्यतः विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे उभारण्यात वेचली. मुंबईच्या बोर्डिंगाला त्यांनी वडिलांचे, हिराचंद गुमानजी यांचे नाव दिले. देवळांवर कळस चढविण्यास दाते भरपूर मिळत असताना या गृहस्थाला मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय सुचली, हे त्यांचे द्रष्टेपण. त्यांची कन्या मगनबाई यांना ऐन तारुण्यात वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीने घराच्या कोपऱ्यात बसून आयुष्य काढावे, अशी रीत होती. शेठजींनी तिला शिकविले. पुढे मगनबाईंनी श्राविकाश्रम चालवून कित्येक निराधार भगिनींना आपल्या पायांवर उभे केले. परक्यांच्या मुलांची सोय पाहणाऱ्या बापाला आपल्या मुलीचे दुःखही निराळ्या दृष्टीने पाहता आले, असे मला वाटते. सेवेचा एक लाभ असा उलट्या दिशेने घरातही येतो.

येथवर सांगितलेली तीनही माणसे धनवान होती. त्यांच्याकडे देण्यासारखे होते आणि त्यांनी ते दिले. ज्याच्या गाठीला काही नाही त्याने काय करावे, या प्रश्नाचे उत्तर मिळते ते कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या चरित्रात. त्यामुळे त्यांच्याविषयी मी जरा विस्ताराने लिहिणार आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळील कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात नोकरीला होते. शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास आले आणि तेथील जैन बोर्डिंगात राहू लागले. अभ्यासात फारशी गती नव्हती. इंग्रजी सहावीच्या पुढे त्यांचे शिक्षण गेले नाही. कुस्ती आणि पोहणे यांत मात्र ते तरबेज होते. १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर, स्नान करून कपडे बदलल्याशिवाय आत येता येणार नाही, असे त्यांना बजावण्यात आले. भाऊरावांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. त्या वेळी बोर्डिंगाची व्यवस्था अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती.

आपल्या स्मरणिकेत ही हकिकत छापावी की नाही, असा विचार क्षणभर मनात आला. पण ज्या समाजाला आपल्या थोर पुरुषाचा जन्म सांगताना अभिमान वाटतो, त्याने त्या पुरुषाला आपणच एकदा दाराबाहेर काढले होते, हेही सांगावयास हवे. लठ्ठे हे काही सामान्य गृहस्थ नव्हते. ते एम. ए., एल्एल. बी. झालेले, सुधारक वृत्तीचे आणि दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचे आधारस्तंभ होते. पुढे ते कोल्हापूरचे दिवाण झाले आणि १९३७ च्या मुंबई इलाख्याच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. असा मोठा माणूसही काळाच्या चौकटीत कसा अडकतो, याचे हे उदाहरण आहे.

यानंतर जे घडले ते माझ्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. १९१४ साली कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील पुतळ्याला डांबर फासण्याचा प्रकार घडला. लठ्ठे यांच्याविषयी दरबारात तेव्हा रोष होता. या प्रकरणात त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी, म्हणून भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. ज्यांच्यामुळे बोर्डिंग सोडावे लागले, त्यांच्यावर सूड उगविण्याची संधी आयती चालून आली होती. भाऊरावांनी साक्ष देण्याचे नाकारले. त्याबद्दल त्यांना तुरुंगात डांबून अनन्वित छळण्यात आले. तो छळ इतका असह्य झाला की त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला. अखेर त्यांची सुटका झाली. त्यांना तुरुंगात टाकणारे संस्थान शाहू महाराजांचे. पुढे साताऱ्यातील आपल्या वसतिगृहाला याच भाऊरावांनी नाव दिले ते 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस'. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते हा नामकरण समारंभ झाला. आणि गंमत अशी की, लठ्ठे यांनीही १९२४ साली शाहू महाराजांचे चरित्र इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केले होते. त्या पिढीतील माणसे आपापसांत कडाक्याने भांडत, पण कामाचे मोल ओळखताना भांडण आड येऊ देत नसत. आपल्या संस्थांतील दोन गटांना एका सभेत शेजारी बसविताना किती कष्ट पडतात, हे ठाऊक असणाऱ्यांना याचे महत्त्व सांगावयास नको.

पोटासाठी भाऊरावांनी निरनिराळे उद्योग केले. साताऱ्यात शिकवण्या केल्या, विम्याचे काम केले, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते गावोगाव फिरले. फिरत्या विक्रेत्याचे जिणे मी जवळून पाहिले आहे. गाव दिसले की त्याला गिऱ्हाईक दिसते. भाऊरावांना मात्र नांगर विकता विकता शेतकऱ्यांची शाळेबाहेर राहिलेली पोरे दिसली. १९१० साली दूधगाव येथे सहकाऱ्यांसह विद्यार्थी आश्रम काढून त्यांनी या कामाला हात घातलाच होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, कराडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली संस्था साताऱ्यास आणली. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, पाळीपाळीने स्वयंपाक करीत आणि एका पंक्तीला जेवत. ज्या कारणासाठी त्यांना एका दारातून बाहेर पडावे लागले होते, त्याच कारणासाठी त्यांनी दुसरे दार उघडले. मुलांनी स्वतः कष्ट करून शिकावे, हा त्यांचा कटाक्ष होता. १९३५ साली साताऱ्यात अध्यापक विद्यालय, १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ साली कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज, अशी ही वाटचाल झाली. कॉलेजातील मुलांनी काम करून आपल्या शिक्षणाचा खर्च भागवावा, ही 'कमवा आणि शिका' योजना शिवाजी कॉलेजातून पुढे सर्वत्र पसरली. मोठ्या देणगीच्या बदल्यात कॉलेजचे नाव बदलण्याची अट एका धनिकाने घातली आणि भाऊरावांनी ती साफ धुडकावली, ही हकिकत सातारा भागात आजही सांगितली जाते.

आता व्यापाऱ्याच्या सवयीने जमेची बाजू पाहू. सहावीपर्यंत शिकलेल्या या माणसाला १९५९ साली पद्मभूषण मिळाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. म्हणजे चाळीस वर्षांच्या मेहनतीचा मोबदला हातात पडला आणि तो उपभोगण्यास जेमतेम काही आठवडे मिळाले. मानसन्मान हेच फळ मानले, तर हा व्यवहार सपशेल बुडीत म्हणावा लागेल.

पण दुसरीही एक बाजू आहे. त्यांच्या वसतिगृहात वाढलेले पी. जी. पाटील विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले. वकिलीत भरपूर पैसा मिळविण्याचा मार्ग मोकळा असता ते संस्थेच्या कामात परत आले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आमच्या दुकानात लग्नसराईला खेड्यापाड्यांतून गिऱ्हाइके येतात. त्यांतील एखादे वृद्ध गुरुजी धोतरजोडी निवडता निवडता, आपण 'रयत'च्या बोर्डिंगात शिकलो, हे इतक्या सहज आणि इतक्या अभिमानाने सांगतात की, आपण आपल्या घराण्याचे नावही तसे सांगत नाही. भाऊरावांना पोटची मुले होती तेवढी होतीच. त्यांखेरीज हा एवढा गोतावळा. असे धन चोर नेत नाही आणि मंदीत त्याचा भावही उतरत नाही. शिवाय सूड घेण्याची संधी आली असता ती सोडून देण्याइतके मन मोकळे असणे, हा लाभ तर त्यांना काम उभे राहण्यापूर्वीच मिळालेला होता. किंबहुना तो मिळाला म्हणूनच पुढचे काम उभे राहिले, असे माझे मत आहे. फळ शेवटी लागते, हा आपला समज तपासून पाहण्याजोगा आहे.

आपल्याकडे आज काय दिसते? ट्रस्टला पैसा कमी पडत नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. पर्युषणात बोली लागते, भिंतीवर संगमरवरी फलक चढतो, आणि फलकावरील अक्षरांच्या आकारावरूनही कधी कधी चर्चा झडते. नाव लावण्यास माझा विरोध नाही. प्रेमचंदांनीही आईचे नाव लावले आणि माणिकचंदांनी वडिलांचे. मात्र दोघांनीही स्वतःचे लावले नाही, एवढे लक्षात ठेवावे. खरी चणचण आहे ती माणसांची. दवाखान्यात आठवड्यातून एक संध्याकाळ बसणारा, विद्यार्थ्यांच्या भोजनगृहात जाऊन आमटी चाखून पाहणारा, हिशेबाच्या पावत्या तारीखवार लावणारा माणूस शोधावा लागतो. तरुणांना विचारले तर 'वेळ नाही' म्हणतात, आणि त्यांची धावपळ पाहता ते अगदीच खोटे नाही. पण चेक देऊन वेळ वाचविता येतो, तेव्हा सेवेतला आपल्या वाट्याचा भाग आपणच दुसऱ्याला देऊन टाकतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

शेवटी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्याविषयी लिहिले पाहिजे. सोवळ्याओवळ्याच्या घरातून आलेल्या या माउलीने सर्व जातींची मुले आपल्या चुलीपाशी बसविली. वळण बदलताना तिला काय यातना झाल्या असतील, त्याची नोंद कोणी ठेवलेली नाही. वसतिगृहाची अडचण भागविताना तिच्या अंगावरचे दागिने एकेक करून गेले. एकदा भाऊराव परगावी असताना घरात धान्याचा कण उरला नाही आणि मुले उपाशी राहण्याची वेळ आली. तेव्हा तिने गळ्यातील मंगळसूत्र देऊन धान्य आणविले. १९३० साली ती निवर्तली. सयाजीराव हायस्कूल, कॉलेज, पद्मभूषण यांपैकी काहीही तिने पाहिले नाही. संस्थेची रीतसर नोंदणीदेखील १९३५ सालची. तिला मिळाले ते इतकेच की, त्या दिवशी मुले जेवली आणि ती जेवताना तिने पाहिली. हे थोडे होते असे म्हणण्यास माझी जीभ धजत नाही.

या स्मरणिकेच्या अखेरच्या पानांवर पन्नास वर्षांतील देणगीदारांची यादी आहे आणि ती योग्यच आहे. परंतु या पन्नास वर्षांत ज्या भगिनींनी पारण्याचा स्वयंपाक केला, ज्यांनी रात्री-अपरात्री रुग्णांना दवाखान्यात पोहोचविले, ज्यांनी एक पैसाही न घेता वह्या लिहिल्या, त्यांची यादी कोठेच नाही. ती तयार करावी, अशी विनंती मी विश्वस्त मंडळाला केली आहे. जुन्या मंडळींपैकी ज्यांना अशी नावे आठवत असतील, त्यांनी ती कागदावर लिहून ट्रस्टच्या कार्यालयात आणून द्यावीत. आठवणारी माणसेही आता थोडीच उरली आहेत.